तिकोनी तारा

पगारे काका,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. समोर आपल्या कॉलनीतली माणसं होती, कंपनीतले तुमचे जुने सोबती होते, कळवणकडून आलेले नातेवाईक होते. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत काकू. मी माईक घेतला आणि म्हणाले, काका शिस्तीचे होते, कोणाच्याही मदतीला धावायचे, उतारवयात त्यांना आकाशाचा नाद लागला. यातलं खोटं काहीच नव्हतं. दीड मिनिटात मी खाली बसले. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. खरं तर मला जानेवारीतल्या त्या पहाटेबद्दल बोलायचं होतं आणि तेवढ्या माणसांसमोर माझा धीर झाला नाही.

आज बोलते. तेव्हा मला अर्धंच माहीत होतं. आता सगळं माहीत आहे.

आपली ओळख गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी झाली. त्याआधी एकाच बिल्डिंगमध्ये खालीवर राहून जिन्यात "काय मॅडम, सुटली का शाळा?" एवढंच बोलणं व्हायचं. त्या संध्याकाळी टाकी वाहत होती म्हणून तुम्ही व्हॉल्व्ह बघायला वर आलात आणि मी माझी जुनी, दुसऱ्या कोणाकडून घेतलेली दुर्बीण शनीवर लावून बसले होते. "बघता का?" म्हटलं. तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात, ओले हात शर्टाला पुसलेत आणि वाकलात. सगळे जण शनी बघून "अरे वा" म्हणतात. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "कडेला धार नाही."

मला जरा रागच आला. विज्ञानाची शिक्षिका मी, चार वर्षं तीच दुर्बीण वापरत होते. तुम्ही विचारलंत, "हे फिरवलं तर चालेल?" आणि फोकसचं बटण अगदी जरासं, बोट हललेलं दिसणार नाही इतकं फिरवलंत. "आता बघा." मी पाहिलं तर कडं ग्रहापासून सुटं झालेलं होतं. मधली काळी फट दिसेल इतकं. चार वर्षं मी शनी बघत होते आणि तो मला पहिल्यांदा दिसला.

नंतर कळलं, तुम्ही नाशिकमधल्याच अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात होतात. बारीक पिना आणि बुशिंगं तुमच्या टेबलावरून पुढे जायची. मायक्रॉन म्हणजे केवढा असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही कानामागचा एक पांढरा केस उपटून माझ्या तळहातावर ठेवलात. "याच्या जाडीचे सत्तर भाग करा. त्यातला एक." काकू आतून म्हणाल्या, "आधीच थोडे राहिलेत, तेही वाटत सुटा." त्या वर्षभरात कधीतरी मी मॅडमची वर्षा झाले. तारीख आठवत नाही, पण बरं वाटलेलं आठवतं.

मला आकाशाचे फोटो काढायचे होते. डोळा क्षणापुरतं बघतो, कॅमेरा मिनिट-मिनिटभर उजेड गोळा करत बसतो आणि डोळ्याला न दिसणारं दाखवतो. त्यासाठी चांगल्या भिंगाची दुर्बीण लागते. ती शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आली. मी खोकं तिथल्या तिथे फोडणार होते. तुम्ही हात धरलात. "प्रवासातून आली आहे. एक रात्र घरातल्या हवेला येऊ दे." नव्या नवरीबद्दल बोलावं तसं बोलत होतात. दुसऱ्या दिवशी बॅटरीचा उजेड भिंगावर तिरपा मारून तुम्ही ओरखडा, बुडबुडा, धूळ सगळं बघितलंत. मला तुम्ही कागदावर लिहायला बसवलंत. ओरखडा नाही. बुडबुडा नाही. आतल्या बाजूला धुळीचा एक कण, चालेल.

मग ताऱ्याची तपासणी. ती तुम्हाला मी शिकवली होती आणि शिकवल्याचा मला केवढा अभिमान. तारा म्हणजे नुसता ठिपका. तो फोकसमधून थोडा बाहेर काढला की त्याची गोल चकती होते, आत एकात एक कडी दिसतात. दुसऱ्या बाजूला सरकवला की पुन्हा तशीच चकती. दोन्ही चकत्या गोल आणि सारख्या असल्या तर भिंग निर्दोष. रात्री ढग यायचे, खरा तारा मिळेना, तेव्हा तुम्ही बेअरिंगची एक चकचकीत गोळी आणलीत, जुन्या छत्रीचं काळं कापड आणलंत, आणि भर उन्हात मैदानापलीकडच्या भिंतीवर ती गोळी ठेवलीत. तिच्यावर ऊन जिथे चमकतं तो सुईच्या टोकाएवढा ठिपका आपला तारा. गोळी कोणी उचलू नये म्हणून काकूंना शेजारी उभं केलंत. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "येणारा-जाणारा विचारतोय, मावशी कशाची राखण चालली आहे. काय सांगू? ताऱ्याची?"

तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "लांबट आहे."

मी बघितलं. "गोल आहे, काका."

"लांबट आहे गं. अंड्यासारखा."

आपण तीन-चार वेळा जागा बदलली. तुम्हाला लांबट, मला गोल. मग मला एक युक्ती आठवली आणि मी म्हटलं, "डोळा तिथेच ठेवा आणि मान उजवीकडे कलती करा." तुम्ही मान कलती केलीत. "आता?" तुम्ही म्हणालात, "तोही कलला." मान डावीकडे नेलीत. तारा तुमच्या मानेबरोबर फिरत होता. दोष भिंगात असता तर मान फिरवल्याने तो जागचा हलला नसता. तो तुमच्या उजव्या डोळ्यात होता, ज्याचं मागच्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही सरळ उभे राहून हसलात. "म्हणजे दुर्बीण पास, मी रिजेक्ट." घरी जाऊन काकूंनाही तसंच सांगितलंत. पुरावा समोर आला की तुम्ही मानायचात, त्यात तुम्हाला कमीपणा वाटत नसे. हे मी नंतर कितीदा आठवलं आहे.

फक्त एक गोष्ट तुम्हाला पटत नव्हती. "ही उकाड्यातली तपासणी झाली. थंडीत पुन्हा बघायची." मी म्हटलं, दुकानदाराला पंधरा दिवसांत कळवायचं आहे, तो थंडी पडेपर्यंत थांबणार आहे का? तुम्ही म्हणालात, "आमच्या मापं तपासायच्या गेज रूमला बारा महिने एकच तापमान असायचं. ते काय साहेबांना गार वाटावं म्हणून? धातू वेगळा आकसतो, काच वेगळी. आज सैल बसलेलं भिंग थंडीत आवळलं जाईल." मी म्हटलं, बनवणाऱ्यांनी एवढा विचार केलाच असेल. "केला असेल," तुम्ही म्हणालात, "पण आपण बघितलं नाही." दोन दिवस आपला हाच वाद चालला, जिन्यात, गच्चीवर, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात. शेवटी तुम्ही म्हणालात, "तुझी वस्तू, तू ठरव." मी दुकानाला कळवून टाकलं, सगळं ठीक आहे.

जानेवारीत तुम्हीच मला कळवणपलीकडे तुमच्या गावी नेलंत. शहराचा उजेड नाही, आकाश काळंभोर. तुमचे धाकटे भाऊ नामदेव तात्या तिथे राहतात, वणीजवळच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये देखरेखीला असतात. त्यांच्या शेतातल्या घरी आपण मुक्कामाला गेलो. पहाटे पाचला उठलो तेव्हा गवत दवाने भिजून गार पडलं होतं. दुर्बीण रात्रभर बाहेरच ठेवलेली, धातूला हात लावला की बोट चिकटेल असं वाटत होतं. स्वाती डोक्यावर आली होती. मला शौरी समूहातल्या तारकागुच्छाचे फोटो हवे होते आणि उजाडायच्या आत ते उरकायचे होते. कॅमेऱ्याची केबल बसत नव्हती, बोटं बधिर झाली होती. तात्या, वहिनी आणि शेजारच्या मळ्यातली दोघंतिघं शेकोटीपाशी उभी होती, आम्हालाही दाखवा म्हणत होती.

कॅमेरा लावायच्या आधी तुम्ही स्वाती बघितलीत.

"वर्षा, तारा तिकोनी दिसतोय."

मी डोळा लावला. वाऱ्याने डोळ्यात पाणी आलं होतं. एक चमकता ठिपका दिसला न दिसला. तो मी फोकसमधून आत-बाहेर केला नाही, मान कलती करून बघितलं नाही. तुम्हाला तशी करायलाही सांगितलं नाही.

"काका, दिवाळीत ठरलं ना आपलं? दोष तुमच्या डोळ्यात आहे."

"तेव्हा लांबट दिसत होता. आज तिकोनी आहे."

"तेच ते, काका. आता उजाडेल, जरा सरका."

हे मी सगळ्यांसमोर बोलले. तात्या शेकोटीपासून म्हणाले, "दादा, रिटायर झाला ना तू? आता तरी चुका काढणं सोड." आणि हसले. त्यांच्यामागे बाकीचे हसले. तुम्ही खिशातून चष्मा काढलात, मफलरच्या टोकाने पुसलात आणि डोळ्यावर चढवलात.

"बरं, मॅडम."

मी तो शब्द ऐकला, काका. केबल बसवता बसवता ऐकला. परत येताना वणीला चहाला थांबलो तेव्हा तुम्ही काकूंच्या गुडघ्याबद्दल बोललात, यंदा द्राक्षं लवकर आली त्याबद्दल बोललात. ताऱ्याचं नाव काढलं नाहीत. मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील. शाळेत सराव परीक्षा सुरू झाल्या. फेब्रुवारीत तुम्ही दोनदा गच्चीवर आलात. दोन्ही वेळा मी बाजूला होऊन म्हटलं, बघा ना. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "तुम्ही बघा, मॅडम. मला काय दिसतंय त्याचा आता भरवसा नाही."

तिथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं आणि स्वतः बघत बसले.

मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला माझी सुपरव्हिजन होती. फोन ऑफिसात जमा. पेपर गोळा करून बाहेर आले तर काकूंचे सहा फोन येऊन गेले होते. त्या कधी उगाच फोन करत नाहीत. रिक्षातून येताना मी परत फोन लावला नाही, कारण जे ऐकायचं होतं ते मला कळलं होतं. सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता, बसल्या जागी तुम्ही गेलात. डॉक्टर येईपर्यंतही थांबला नाहीत. मी आले तेव्हा बैठकीच्या खोलीत त्रिशरण चाललं होतं. सगळ्यांबरोबर मी हात जोडले. तुमचा चष्मा खिडकीत घडी करून ठेवलेला होता, कोणीतरी काढून ठेवला असेल.

कार्यक्रमानंतर आठवड्याने काकू वर आल्या. फ्रेम करायला फोटो हवा होता. "त्या ओळखपत्रावरचा नको. हसरा कुठे असेल तर बघ." मला त्या पहाटेचा आठवला. कॅमेरा दुर्बिणीला लावायच्या आधी, तुम्ही शेकोटीपाशी हात शेकत होतात तेव्हा काढलेला. मी लॅपटॉप उघडला. फोटो होता. मफलर कानावरून, नाकाचा शेंडा लाल, वहिनींच्या कशावर तरी हसताय. तो काकूंना पाठवला.

मग त्याच फोल्डरमध्ये पुढे ताऱ्यांचे फोटो होते. घरी आल्यावर मी ते एकदा बघून ठेवून दिले होते. तारे धड उमटले नव्हते, माझाच फोकस चुकला असणार असं म्हणून. आता ते मोठे करून बघितले. फोकस बरोबर होता. प्रत्येक ठळक ताऱ्याला तीन कोपरे होते. मधल्या ताऱ्यालाही आणि अगदी कडेच्या ताऱ्यालाही, आणि सगळ्यांचे कोपरे एकाच दिशेला. चाळीस फोटो होते. मी चाळीसही बघितले. कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालेला नव्हता, काका.

दुसऱ्या संध्याकाळी दुर्बीण गच्चीवर नेली. एप्रिलचा उकाडा, भिंतींना हात लाववत नव्हता. तारा गोल. आत गोल, बाहेर गोल. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, फोटोत दुसरं काही झालं असेल, कॅमेरा वाकडा बसला असेल. मग तुमचं ते वाक्य डोक्यात आलं. पण आपण बघितलं नाही.

मी तात्यांना फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दोन तास एक वस्तू ठेवता येईल का. 

"उद्या दुपारच्याला ये," तात्या म्हणाले. "गाड्या भरून गेल्या का एक खोली रिकामी असती."

काकूंकडे जाऊन मी ती बेअरिंगची गोळी मागितली. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. तुमचं कपाट उघडून डबी माझ्या हातात दिली.

बाहेर अंग भाजणारं ऊन आणि आत पाऊल टाकलं की दात वाजायला लागतात अशी ती लांबलचक खोली. रिकाम्या क्रेटची थप्पी एका बाजूला. द्राक्षांच्या पेट्यांत ठेवतात त्या कागदाचा गंधकासारखा उग्र वास. तात्यांनी मला कोणाचं तरी जाड जॅकेट दिलं. दुर्बीण दोन तास तशीच गार होऊ दिली. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला क्रेटवर काळं कापड घालून गोळी ठेवली, तिच्यावर बॅटरी सोडली. वारा नको म्हणून तात्यांनी दहा मिनिटं पंखे बंद करवले.

मी डोळा लावला. घाई केली नाही. ठिपका फोकसमधून बाहेर काढला. चकती झाली. तिला तीन बोथट कोपरे होते. आत सरकवला, पुन्हा तीन कोपरे, या वेळी उलट्या दिशेला. मान उजवीकडे कलती केली, मग डावीकडे. त्रिकोण जागचा हलला नाही. थंडीत धातूची कड भिंगाला तीन ठिकाणी आवळत होती. तुम्ही उकाड्यात उभं राहून सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

"तात्या, या. काय दिसतंय तेवढंच सांगा."

मी त्यांना आधी काही सांगितलं नाही. तात्यांनी टोपी काढली आणि वाकले. त्यांच्या तोंडाची वाफ दुर्बिणीवर येत होती म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला. खूप वेळ बघत राहिले.

"तिकोनी हाय," ते म्हणाले.

उभे राहिले तरी त्यांचा हात स्टँडवरच होता. "मी हसलो व्हतो त्या दिवशी."

"तुम्ही नंतर हसलात, तात्या. आधी मी बोलले."

पंखे पुन्हा सुरू झाले. आम्ही बाहेर माल चढवायच्या ओट्यावर उन्हात बसलो. अंगातली थंडी हळूहळू गेली. मग तात्या म्हणाले, "लहानपणी गावात कोनाचं घड्याळ बंद पडलं का दादाकडं आणायचे. दुरुस्त करता नाय यायचं त्याला तवा. पण कुठं अडकलंय ते बरोबर सांगायचा." ते डोळे पुसत होते आणि लपवत नव्हते.

नाशिकला पोचले तशी सरळ तुमच्या घरी गेले. काकू शिलाई मशीनवर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, त्या पहाटेचं माझं बोलणंही. त्यांनी मशीन थांबवलं नाही, शिवण संपेपर्यंत चालवलं. मग दोरा तोडून म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की तारा तिकोनी असणार. नसलेली चूक त्यांनी कधी दाखवली नाही. चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकातसुद्धा नाही."

"मग त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं. दिवाळीत दोन दिवस भांडले होते की."

"तेव्हा वाद धातूचा होता, त्याची त्यांना खात्री होती. गावाहून आले आणि मला म्हणाले, आता माझ्या नजरेचं काही खरं नाही, वर्षा शिकलेली आहे, ती म्हणते म्हणजे असेल. मशीनच्या सुईत दोरा मला तेच ओवून द्यायचे. त्या दिवसापासून नाही म्हणायला लागले. तू ओव, म्हणायचे, माझ्याने चुकेल." काकू हे रागाने बोलत नव्हत्या. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मी म्हणायचे, अहो, बघून तर बघा. पण नाही."

म्हणजे शेवटचे दोन महिने तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवून काढलेत. तीस वर्षं ज्या नजरेवर लोकांनी माल पुढे पाठवला त्या नजरेवर. आणि तो अविश्वास मी तुम्हाला दिला, केबल बसत नव्हती म्हणून, उजाडत होतं म्हणून. हे मला आता आयुष्यभर माहीत असणार आहे. याची भरपाई कशी करतात ते मला कळत नाही, आणि ज्यांना विचारलं असतं ते तुम्हीच.

पण तुम्हाला फक्त माझ्या अपराधाचंच लिहिलं तर तेही अपुरं होईल. तुमच्यामुळे मी बघायला शिकले. यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववीच्या मुलींना सूक्ष्मदर्शकात कांद्याची साल दाखवायची होती. दरवर्षी मी आधी फळ्यावर पेशीचं चित्र काढते, मग सगळ्या वह्यांत माझंच चित्र उतरतं. या वेळी फळा कोरा ठेवला. म्हटलं, दिसेल ते काढा. एका मुलीने पेशींच्या मध्ये एक मोठा काळा गोल काढला. "हे काय?" विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही बाई, पण आहे." तो हवेचा बुडबुडा होता. तिला मी शाबासकी दिली. तुम्ही असतात तर संध्याकाळी जिन्यात थांबवून तुम्हाला हे आधी सांगितलं असतं, आणि तुम्ही विचारलं असतंत, तिने आकार बरोबर काढला होता का.

दुर्बिणीची तक्रार मी केली. मुदत कधीच संपली होती, मीच सगळं ठीक आहे असं कळवलेलं, तरी फोटो आणि कोल्ड स्टोरेजमधल्या तपासणीची सगळी हकीकत लिहून पाठवली. दुकानाच्या वर्कशॉपमधल्या माणसाचा फोन आला. वयस्कर आवाज, सावकाश बोलणारे. म्हणाले, दुर्बीण पाठवून द्या, भिंगाभोवतीचे स्क्रू जास्त कसले गेलेत, आम्ही सैल करून देतो. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. फोटोत सापडतो हा दोष, पण तुम्ही लिहिलंय की आधी नुसत्या डोळ्यांनी पकडला. तेही फोकसमध्ये असलेल्या ताऱ्यावर. कोणी पकडला?"

"आमच्या पगारे काकांनी."

"त्यांच्याशी बोलता येईल का? या कामातला माणूस दिसतोय."

मी गॅलरीत उभी होते. खाली तुमच्या खिडकीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"ते वारले," मी म्हटलं. "मार्चमध्ये."

ते हलक्या आवाजात म्हणाले, "नजर फार चांगली होती हो त्यांची."

"हो," मी म्हटलं. "फार चांगली होती. मी त्यांना तसं सांगितलं नाही."

फोन ठेवला आणि दोन जिने उतरून काकूंकडे गेले, ते काय म्हणाले ते शब्दन्शब्द सांगायला.

तुमची,
वर्षा